रेट्रो गेममधली पात्रं लाकडात उतरवायची तर: स्टाइल गाइडमध्ये काय असतं आणि ते मिळतं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत घरचा लाकडी खेळण्यांचा धंदा. घरातल्या तरुणाला जुन्या व्हिडिओ गेममधला पॅक-मॅन, त्यातली चार भुतं, जमलंच तर मारिओ आणि सॉनिकही लाकडात करून मे महिन्यातल्या पर्यटकांना आणि चतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना विकायचे आहेत. इंटरनेटवर त्याला एका जुन्या ‘अधिकृत’ स्टाइल गाइडची, म्हणजे पात्र कसं काढायचं आणि रंगवायचं याच्या कंपनीच्या नियमपुस्तिकेची, स्कॅन केलेली पीडीएफ सापडली आहे. तिच्यावरून माल केला तर तो अधिकृत ठरेल का? रंगांचे आकडे त्यातले घ्यावेत, की इम्युलेटरवर (जुना गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) गेम चालवून स्क्रीनशॉटमधून उचलावेत? आणि ते चालणार नसेल तर खरं गाइड मिळतं कुठे?

मी कुडाळात कपड्यांवर आणि भेटवस्तूंवर छपाई करतो. त्यातलं बरंचसं काम मुंबईतल्या परवानाधारक कंपन्यांचं असतं, म्हणजे गाइड त्यांच्या नावावर आणि शाई माझ्या हाताला. तेव्हा जे सांगतो ते कारखान्याच्या बाजूने सांगतो. करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवायला लागतंच, त्याला पर्याय नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. ती पीडीएफ अस्सल असली तरी नाही. स्टाइल गाइड म्हणजे परवाना नव्हे, परवान्याला जोडलेलं परिशिष्ट आहे. करारात एक कलम ठरलेलं असतं की, परवानाधारकाने मालकाने पुरवलेली चित्रंच वापरायची आणि प्रत्येक वस्तू मंजूर करून घ्यायची. गाइड म्हणजे ती ‘पुरवलेली’ चित्रं. त्यामुळे आधी सही, मग गाइड, हाच क्रम. शिवाय ते तुम्हाला दिलेलं असतं तेही गोपनीयतेच्या अटीवर. म्हणूनच कोणत्या पिवळ्याचा कोणता आकडा, हे मी इथे लिहिणार नाही आणि जो उघडपणे लिहितो त्याच्यावर विसंबू नका. उलट प्रकरण कोर्टात गेलंच, तर संगणकात सापडलेली ती पीडीएफ तुमच्या विरोधात बोलेल. मालक कोण आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, हे तिच्यावरूनच सिद्ध होतं.

दुसरी समजूत अशी असते की, गेम इतका जुना आहे, आता काय राहिलंय? पॅक-मॅन १९८०चा. तोरू इवातानी यांनी नामको कंपनीत तो घडवला, आज हक्क बंदाई नामकोकडे आहेत. जपानमध्ये कंपनीच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या कृतीला प्रसिद्धीपासून ७० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे २०५० सरेपर्यंत तरी विषय संपत नाही. ट्रेडमार्कला तर मुदतच नसते, दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं की झालं. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७चा, ट्रेडमार्कचा १९९९चा, आणि दोन्हींत दिवाणीबरोबर फौजदारी कारवाईचीही तरतूद आहे. कॉपीराइट भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड असं कलम ६३ सांगतं.

कोणीतरी तुम्हाला कॉपीराइट कायद्याचं कलम १५ सांगेल. एखादी डिझाइन नोंदवता येण्याजोगी असून नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने तिच्या औद्योगिक पद्धतीने ५०पेक्षा जास्त प्रती काढल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो, असं ते कलम म्हणतं. ‘मग झालं की मोकळं!’ असा निष्कर्ष मी चहाच्या टपरीवर ऐकलेला आहे. त्यावर दुकान उभं करू नका. हे कलम कुठे लागू होतं आणि कुठे नाही यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेले आहेत, आणि ते लागू झालं तरी ट्रेडमार्क आपल्या जागी उभाच राहतो.

आणि हो, मालवणच्या जेटीवर, पलीकडे गोव्यात, मारिओ छापलेले टी-शर्ट सर्रास लटकलेले असतात, हे मलाही दिसतं. ते लटकतात याचा अर्थ त्यांना परवानगी आहे असा नाही, अजून कोणी आलेलं नाही एवढाच आहे. मोठ्या कंपन्या कोर्टातून प्रतिवादीचं नाव न घालताही आदेश मिळवतात, वकील मंडळी त्याला ‘अशोक कुमार ऑर्डर’ म्हणतात, आणि मग कोर्टाने नेमलेला कमिशनर थेट दुकानात येऊन माल सील करतो. टी-शर्टवाला दुसऱ्या दिवशी दुसरे टी-शर्ट आणील. तुमचं तसं नाही. तुमच्या घराण्याचं नाव त्या आळीत आहे, ते हलवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, गाइडच्या आत काय असतं. ही तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुमच्या गावात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आहेत. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते, १० अवतार, प्रत्येकाचे १२. मत्स्याची जमीन कुठल्या रंगाची, परशुरामाची खूण कुठली, राजा कसा बसलेला आणि प्रधान कसा, हे चितारी मनाने ठरवत नाही. ठरलेलं बदललं तर पत्ता ओळखू येणार नाही आणि डाव मोडेल. स्टाइल गाइड हेच काम करतं, फरक इतका की परंपरेच्या जागी कंपनीची सही असते.

साधारण गाइडमध्ये पात्राचं सगळ्या बाजूंनी काढलेलं चित्र असतं: समोरून, बाजूने, तिरकं, पाठीमागून, कधी वरून. मग मान्य पोझ, चेहऱ्यावरचे मान्य भाव, पात्रांची एकमेकांशी उंची. लोगो, त्याच्याभोवती सोडायची मोकळी जागा, तो किती लहान करता येईल याची सीमा. रंगांचे आकडे: छपाईसाठी पँटोन (त्या कंपनीने प्रत्येक रंगाला दिलेला क्रमांक) आणि सीएमवायके (चार शाईंचं प्रमाण), पडद्यासाठी आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश). नक्षी, किनारी, शिक्के, खोक्याचा आराखडा, कायदेशीर ओळ. आणि शेवटी ‘हे करू नका’ची पानं: पात्र उलटं फिरवू नका, ताणू नका, दुसऱ्या कंपनीच्या पात्राशेजारी ठेवू नका, हातात बाटली किंवा बंदूक देऊ नका, देवाधर्माशी जोडू नका. ही शेवटची पानं आधी वाचा. डोक्यातल्या निम्म्या कल्पना तिथेच गळतात आणि वेळ वाचतो. भुतं गणपतीच्या मखरात बसवण्याचा विचार तुमच्या मनात आला असेल तर तो मंजूर होणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

रेट्रो पात्रांचं गाइड मात्र साध्या कार्टूनच्या गाइडपेक्षा अवघड असतं, आणि इथे थोडं थांबायला हवं.

मूळ पात्र म्हणजे पडद्यावरचे मोजके चौकोन. पॅक-मॅनमधलं भूत १६ बाय १६च्या चौकटीत बसतं, त्यातले रंगवलेले जेमतेम १४ बाय १४. खुद्द पॅक-मॅन खेळात एक तोंड उघडणारी पिवळी चकती आहे, तिला डोळासुद्धा नाही. डोळे, हात, पाय, बूट हे सगळं गेमच्या बाहेरच्या चित्रांत आलं, आणि ती चित्रं एका हातची नाहीत. जपानी नामकोचं चित्र वेगळं, अमेरिकेत मिडवे कंपनीने गेमच्या मशीनच्या अंगावर छापलेलं वेगळं, १९८२मध्ये आलेल्या हॅना-बार्बेराच्या कार्टून मालिकेतलं आणखी वेगळं. यांतल्या कोणत्या चित्राचा हक्क आज कोणाकडे आहे, हा प्रत्येक वेळी स्वतंत्र प्रश्न असतो. तुमच्या हाती लागलेली जुनी पीडीएफ कुठल्या घराण्यातली आहे ते पाहा. कंपनी आज जे गाइड देते त्यात ते चित्र असेलच असं नाही.

मिस पॅक-मॅनचं उदाहरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं. १९८२चा हा गेम मुळात जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीतल्या तरुणांच्या कामातून आला आणि मिडवेने तो बाजारात आणला. पुढे त्यांच्या रॉयल्टीच्या हक्कावरून वाद पेटला. २०२२मध्ये ‘पॅक-लँड’ हा जुना गेम पुन्हा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यातली मिस पॅक-मॅन काढून तिच्या जागी ‘पॅक-मॉम’ नावाची नवी बाई बसवली होती. खुद्द मालक कंपनी जिथे सांभाळून पाऊल टाकते, तिथे आपण केसात लाल रिबन लावून ‘पॅक-मॅनची बायको’ विकायला बसायचं, म्हणजे काय ते बघा.

तसंच आपल्या पिढीच्या लाडक्या ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’चं. घरोघरच्या ‘नाइन नाइन नाइन नाइन इन वन’ कॅसेटींमुळे हा टोपीवाला, कुऱ्हाडी फेकत धावणारा गडी सगळ्यांना ठाऊक आहे. मूळ गेम सेगाने आणलेला ‘वंडर बॉय’. नाव आणि पात्र सेगाकडे राहिलं, गेम वापरण्याची मुभा हडसन सॉफ्टला मिळाली, म्हणून हडसनने त्यांच्या प्रसिद्ध प्रतिनिधीवर, ताकाहाशी मेइजिनवर बेतलेला नवा नायक टाकला. २०१२मध्ये हडसन कोनामीत विलीन झाली. म्हणजे एकच गेम, पण एका पात्रासाठी सेगाचं दार ठोठवायचं आणि दुसऱ्यासाठी कोनामीचं. परवाना मागताना ‘अमुक गेम’ असं म्हणून भागत नाही. कोणतं पात्र, कोणत्या काळातलं रूप, खेळातला चौकोनी आकार की बाहेरचं रेखाचित्र, हे नेमकं लिहावं लागतं.

सॉनिकबाबत ही विभागणी अगदी स्पष्ट आहे. १९९१चा क्लासिक सॉनिक बुटका, गोल पोटाचा, काळ्या डोळ्यांचा. १९९८च्या ‘सॉनिक अ‍ॅडव्हेंचर’पासूनचा मॉडर्न सॉनिक उंच, सडपातळ, हिरव्या डोळ्यांचा. दोन्ही अधिकृत, पण एकाच्या धडावर दुसऱ्याचे डोळे चालत नाहीत. लाकडात रंगवताना ही चूक फार सहज होते, कारण रंगवणारा कारागीर मोबाइलवर जो फोटो आधी येईल तो बघतो. मारिओचेही कपडे बदललेले आहेत. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये, तेव्हा त्याचं नाव जंपमॅन होतं, डुंगारी लाल आणि शर्ट निळा. आज शर्ट लाल आणि डुंगारी निळी. ‘मूळ तेच खरं’ म्हणून जुने रंग दिले आणि गाइडमध्ये ते रूप नसलं, तर नमुना परत येणार. इतिहास तुमच्या बाजूने असून उपयोग नाही.

आता रंग. तुम्ही विचारलंय की, इम्युलेटरवर गेम चालवून स्क्रीनशॉट काढला आणि त्यातून रंग उचलला तर? गेम खरा, म्हणजे रंगही खरा, असं वाटणं साहजिक आहे. पण निन्टेन्डोचं ते ८-बिट मशीन, ज्याच्या नकला आपल्याकडे टीव्हीला लावून खेळल्या जायच्या, ते आरजीबी रंग बाहेर टाकतच नव्हतं. त्यातून थेट टीव्हीचा संमिश्र सिग्नल निघायचा आणि कुठला निळा दिसेल हे अर्धं टीव्ही ठरवायचा. आज प्रत्येक इम्युलेटर त्या सिग्नलचा आपापला अर्थ लावतो, म्हणून एकाच आकाशाचे चार निळे मिळतात. त्याहून जुना ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या, तैतोचा, १९७८चा, तोमोहिरो निशिकादो यांचा. पडदा कृष्णधवल होता आणि रंग यावा म्हणून अनेक मशीनांवर काचेला रंगीत पारदर्शक पट्ट्या लावल्या होत्या. एकच इन्व्हेडर वरून खाली येताना पट्टीप्रमाणे रंग बदलायचा. मग त्याचा ‘खरा’ रंग कोणता? गाइड जो म्हणेल तो. म्हणूनच गाइड लागतं.

चौकोनांच्या आकारातही एक मेख आहे. त्या ८-बिट मशीनचा एक पिक्सेल अमेरिकी आणि जपानी टीव्हीवर पूर्ण चौरस नसायचा, थोडा आडवा पसरायचा, साधारण ८ला ७ या प्रमाणात. संगणकावर तो चौरस दिसतो. म्हणजे तेव्हाचा मारिओ आजच्या फाइलमधल्यापेक्षा किंचित रुंद होता. गाइडमधली फाइल चौरस पिक्सेलची असेल तर चौरसच ठेवा, आपली आठवण त्यात घालू नका.

लाकूड कापताना मात्र गणित तुमच्या हातात आहे. १४ चौकोनी भूत ७ सेंटिमीटरचं केलं तर एक चौकोन बरोबर ५ मिलिमीटर येतो. ८ सेंटिमीटरचं केलं तर ५.७१, आणि मग पायऱ्या एकसारख्या पडत नाहीत. मंजुरी देणारा माणूस मोजपट्टी घेऊन बसलेला नसतो, पण वाकडी पायरी डोळ्याला बोचते. माप ठरवताना नेहमी पूर्ण पटीत ठरवा. फाइल मोठी करताना कडा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवा, आणि चित्र कधीही जेपेग प्रकारात साठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चित्रावरून साचा काढणं तर अजिबात नको, त्याच्या कडांना धूळ बसल्यासारखे रंग आलेले असतात.

आणि चौकोनी भूत की गोल भूत, हाही निर्णय तुमचा नाही. सावंतवाडीची खरी कमाई लेथवरच्या गोल कामात आहे, भुताचं डोकं तिथे सुरेख उतरेल. पण सपाट चौकोनी आकृतीला पाठ नसते. ती गोल केली की पाठ, बाजू, खालची झालर किती लाटांची, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. गाइडमध्ये त्रिमितीय आराखडा असेल तर त्याप्रमाणे करा. नसेल तर मालकाला लेखी विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही.

पँटोनचा आकडा हातात आला तरी काम संपत नाही, कारण तो आकडा कागदावरच्या शाईचा आहे. आकड्यापुढचा सी म्हणजे चकचकीत कागद, यू म्हणजे साधा कागद, कापडासाठीचा संच निराळा. एकच क्रमांक सी आणि यूमध्ये शेजारी ठेवून बघा, सख्खे भाऊ वाटणार नाहीत. पांगाऱ्याच्या किंवा आंब्याच्या लाकडावर रंग आणखी बदलतो, कारण लाकडाचा स्वतःचा पिवळेपणा खालून वर येतो आणि वरून लाख किंवा वॉर्निश चढलं की सगळंच एक पाऊल पिवळ्याकडे सरकतं. पॅक-मॅनला ते खपून जाईल. भुतांपैकी आकाशी इंकी मात्र हिरवट दिसायला लागेल, आणि गुलाबी पिंकी केशरी क्लाइडच्या अंगावर जाईल. उपाय तुमच्या काकांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल: आधी पांढरा अस्तर हात, मग रंग, वर पाण्यासारखं पारदर्शक, पिवळं न पडणारं आवरण. रंग ठरवताना आवरणासकट तुकडे रंगवा, दिवसाच्या उजेडात पँटोनच्या पट्टीशेजारी धरा आणि तेच तुकडे मंजुरीला पाठवा. मंजूर झालेला तुकडा कपाटात बंद ठेवा, दुकानात मांडू नका. पट्टीसुद्धा जपा. पँटोन कंपनी ती वर्ष-दीड वर्षात बदलायला सांगते, लोक हसतात, पण आपल्या दमट खाऱ्या हवेत ती खरंच पिवळी पडते.

जाता जाता: २०२२च्या अखेरीला अ‍ॅडोबीने आपल्या सॉफ्टवेअरमधून पँटोनचे बरेचसे संच काढून घेतले. त्यामुळे जुन्या गाइडच्या फाइल उघडल्यावर रंगांच्या जागी काळं दिसलं तर घाबरू नका आणि अंदाजाने भरूही नका. गाइडमधल्या आकड्यांच्या पानावरून हाताने भरा.

पावसाचं सांगायलाच हवं. मिरगानंतर आमच्याकडे छपाईच्या जाळीवरचं इमल्शन (चित्राचा साचा धरणारा थर) नीट सुकत नाही, कडा तुटतात, बारीक भोकं पडतात. चौकोनी चित्रात कड हेच सगळं काही असतं. तुमच्याकडे लाकूड फुगतं आणि रंग उशिरा वाळतो. पावसाळ्यात केलेला मंजुरीचा नमुना आणि मार्चमध्ये केलेला माल यांत फरक पडू शकतो. नमुना शक्यतो त्याच हंगामात करा ज्यात माल करणार आहात. नाहीतर बंद, हवा कोरडी ठेवलेल्या खोलीची सोय लागेल.

मंजुरीचे टप्पे बहुतेकांचे चार: कल्पना, तयार चित्र, हाताने केलेला पहिला नमुना, आणि प्रत्यक्ष उत्पादनातला नग. प्रत्येक टप्प्याला आठवडे जातात, आणि ‘उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर’ असं कधीच नसतं, करारात नेमकं उलट लिहिलेलं असतं. त्यात जपानी पंचांग आपल्याला उलटं पडतं. एप्रिल अखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांच्या सुट्ट्यांचा गोल्डन वीक, म्हणजे नेमका आपला पर्यटनाचा हंगाम. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पितरांचा सण, म्हणजे चतुर्थीच्या तोंडावर. त्या दिवसांत कचेऱ्या ओस. मेमध्ये माल हवा असेल तर दिवाळी संपली की कल्पना गेलेली हवी.

आता पैसे, कारण खरं गाइड मिळवायचं म्हणजे पैशाचा दरवाजा ओलांडणं आलं. परवाना देणारे बहुधा तुमच्याशी थेट बोलत नाहीत, त्यांचे भारतातले एजंट असतात. ते तीन गोष्टी मागतात: रॉयल्टी, तिच्यापोटी आगाऊ रक्कम आणि किमान हमी. रॉयल्टी विक्रीच्या किमतीवर टक्क्यांत, साधारण दहाच्या आसपास फिरते. हमी म्हणजे माल विकला काय, न विकला काय, तेवढे द्यायचेच. समजा हमी ५ लाख आणि रॉयल्टी १० टक्के. ती हमी वसूल व्हायला तुम्हाला ५० लाखांचा घाऊक माल विकावा लागेल. एक भूत दुकानदाराला २५० रुपयांना दिलंत तर २० हजार भुतं. चितारआळीतल्या एका घराने हाताने रंगवून २० हजार भुतं करायची, हे मला झेपणारं दिसत नाही. वर कर. पैसे जपानला जाणार असतील तर दोन देशांतल्या करारानुसार रॉयल्टीवर १० टक्के कर कापून भरावा लागतो, आणि कित्येक करारांत ‘आमच्या हातात पूर्ण रक्कम पडली पाहिजे’ असं कलम असतं, म्हणजे तो करही तुमच्याच खिशातून. जीएसटी वेगळा. सीएला आधी विचारा.

म्हणून माझा सल्ला असा की, परवानाधारक होऊ नका, परवानाधारकाचे उत्पादक व्हा. ज्या कंपनीकडे त्या पात्राचा खेळण्यांचा किंवा भेटवस्तूंचा परवाना आधीच आहे, तिला लाकडी मालासाठी कारागीर हवा असतो, आणि सावंतवाडी हे नाव सांगितलं की दार अर्धं उघडतं. अशा वेळी ती कंपनी मालकाकडे तुमचं नाव उत्पादक म्हणून नोंदवते. त्याचा फॉर्म असतो, कधी कारखाना बघायला माणूस येतो, बालकामगार नाहीत ना, आग विझवायची सोय आहे ना, हे पाहतो. घरात काम चालत असेल तर कोण काम करतं ते स्पष्ट सांगा. नोंदणी झाल्यावर गाइडची लागणारी पानं तुम्हाला रीतसर मिळतात. रॉयल्टी, हमी, परदेशी कर हे सगळं त्यांच्या डोक्यावर. तुमच्या वाट्याला मजुरी आणि ठरलेला नफा. यात एक पथ्य आहे: जास्तीचे नग काढून आपल्या दुकानात मांडायचे नाहीत, अगदी रंग बिघडलेलेसुद्धा. बिघडलेला माल मोजून, फोटो काढून नष्ट करायचा. आपल्याकडे लोकांना हे जड जातं, ‘शेजारच्या पोराला दिला तर काय होतंय’ असं वाटतं. तो पोरगा उद्या तो ऑनलाइन विकतो.

तरी स्वतःचाच परवाना हवा असेल तर तोंडी बोलण्यावर एक रंधासुद्धा मारू नका. कॉपीराइटचा परवाना आपल्या कायद्यात लेखीच लागतो. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण मालक हे मोकळं सोडत नाहीत, तेव्हा तुम्हीच चार ओळी शोधा: कोणत्या वस्तू, कोणते प्रदेश, कोणती विक्रीची ठिकाणं, आणि मुदत संपल्यावर उरलेला माल विकायला किती दिवस. ऑनलाइन विक्री आणि गोव्यातली दुकानं त्यात येतात का ते खास बघा.

खेळण्यांच्या नियमाकडे दुर्लक्ष करू नका. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी केलेल्या आणि विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. तुमच्या घरात ते कार्ड कोणाच्या नावावर आहे आणि माल मुंबईच्या कंपनीच्या नावाने विकला जाणार असेल तर ती सूट टिकते का, हे आधी लेखी विचारून घ्या. सूट मिळाली तरी परवाना देणारी कंपनी शिशाची आणि इतर जड धातूंची चाचणी मागणारच. रंगाच्या डब्यावर ‘लेड फ्री’ लिहिलंय एवढ्याने ती मानत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. लहान मुलाच्या तोंडात मावेल एवढा सुटा तुकडाही ठेवू नका. पॅक-मॅनमधल्या चेरीचा देठ हा पहिला आक्षेप असतो.

राहिली कायदेशीर ओळ, कारण ती सगळ्यात शेवटी आठवते आणि सगळ्यात जास्त नमुने तिच्यामुळेच परत येतात. वर्तुळातला सी, ट्रेडमार्कची खूण, कंपनीचं पूर्ण नाव, गाइडमध्ये जसं आहे तसंच, स्वल्पविरामासकट. त्याचं मराठी भाषांतर करायचं नाही. ७ सेंटिमीटरच्या भुताच्या बुडाला ती लेझरने कोरता येते, पण वरचं आवरण चढवण्याआधी कोरलीत तर अक्षरं भरून जातात आणि नंतर कोरलीत तर कडेने आवरण सुटतं. बुडाचा तेवढा भाग आवरणाशिवाय ठेवून कोरणं आम्हाला सगळ्यात बरं पडलं आहे. अक्षरं वाचण्याइतकी मोठी बसत नसतील तर ती ओळ दोरीने बांधलेल्या टॅगवर चालेल का, हे पहिला नमुना पाठवतानाच त्याच पत्रात विचारा. नमुना मंजूर झाल्यावर विचारलंत तर चारही टप्पे पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात.